चिंतामण सरांचा प्रश्न

टीव्हीवरच्या मुलाखतीत मंजुश्री म्हणाली, "आमच्याकडे मला फिजिक्स शिकवणारं कोणी नव्हतं," आणि खामगावात चिंतामण सरांच्या हातातला चहा तसाच निवून गेला. वडनेर भोलजी गावातल्या जनकाबाईच्या या पोरीला त्यांनी दोन वर्षं दर रविवारी घरी शिकवलं होतं, तेही फुकट. आज ती परदेशात विश्वाच्या जन्माचं गणित मांडत होती आणि तिच्या लेखी सर कोणीच नव्हते!

निवृत्त माणसाला वेळच वेळ. सरांनी तिचा शोधनिबंध मिळवला. साठीनंतर स्ट्रिंग थिअरी, म्हणजे अवकाशाला नऊ मिती मानणारं शास्त्र, शिकणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. आपटलं. तिसऱ्या वर्षी त्यात चूक सापडली, तेव्हा ते इतक्या मोठ्यानं हसले की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

मंजुश्री खामगावच्या कॉलेजात व्याख्यानाला आली, त्या दिवशी सर पहिल्या रांगेत होते. ती सांगत होती, जन्मतःच विश्व क्षणात अफाट फुगलं. आपल्याला दिसतात त्या तीन मिती पसरल्या, उरलेल्या सहा बारीक गुंडाळलेल्याच राहिल्या.

सर उठले. "राहिल्या, हे तू नुसतं धरून चाललीस. विश्वाला फुगवणारी ऊर्जाच ती गुंडाळी उकलून टाकते. मग तुझं विश्व टिकतं कसं?"

मंजुश्री फळ्याकडे वळली. बराच वेळ आकडेमोड करत राहिली.

"नाही टिकत," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे, सर."

टाळ्या पडल्या. सरांना त्या गुळासारख्या लागल्या. "आणि म्हणे शिकवणारं कोणी नव्हतं!"

तिनं खडू ठेवला आणि सरळ गावच्या बोलीत म्हणाली, "शिकवलं ना, सर. मले ओट्यावर बसवून. बाकीची पोरं आतमधी, फळ्यासमोर. मी खिडकीतून वाचत होती. पाऊस आला तरी कोणी 'आत ये' म्हनलं नाही. काऊन, ते सांगा ना सगळ्याइले."

"सांगा, सर," मागून कोणीतरी म्हणालं.

सर बाहेर पडले. वाटेत लाज वाटली असेल, पण घरी पोचेपर्यंत त्या लाजेचा संताप झाला होता. त्यांनी आक्षेप एकट्याच्या नावानं छापायला पाठवला. तो छापून आला, तिचं मॉडेल मोडीत निघालं. अभिनंदनाला मात्र गावातलं एक माणूस फिरकलं नाही.

वर्षभरात मंजुश्रीनं नवं मॉडेल मांडलं, सहाही मिती घट्ट बांधून. सर पेन्सिल घेऊन त्यात चूक शोधायला बसले. अजून बसलेलेच आहेत.