चाळिसाव्या दिवसाआधी

कळंबच्या मोंढ्यामागं ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं छोटं देऊळ आहे. यंदा पाळकसाहेब नाताळला धाराशिवला अडकले, म्हणून उपासना सामुएल मास्तर चालवणार होते. मास्तरांनी आठ दिवस आधीच निरोप धाडला: एलिया गुरुजींच्या सुनेनं बाळाला घेऊन देवळात येऊ नये. बाळंत होऊन तिला अजून चाळीस दिवस झालेले नाहीत.

बाळाला न्हाऊ घालणारी शेजारची शिवम्मा हसली. "आमच्या लिंगायतांत विटाळ मानत न्हाईत. तुमचं लईच कडक दिसतंय!"

सून वर्षाराणी हसली नाही. ती गुरुजींना म्हणाली, "मामा, भूमला माहेरी मला देव्हाऱ्यापासून लांब बसवायचे. लग्नात तुम्हीच म्हणालात, आमचा देव तुला कधी लांब बसवणार न्हाय. ते खरं व्हतं का नुसतं माझं मन राखायला?"

गुरुजींनी पस्तीस वर्षं शाळा शिकवली, पण कुणाला तोंडावर खोडून काढणं त्यांना कधी जमलं नव्हतं. रात्री पुस्तकं चाळली, मास्तरांना काय सांगायचं त्याची चार पानं लिहिली, त्यातली दोन खोडली. सकाळी मफलर गुंडाळून ते मास्तरांकडं गेले. दोघं बालमित्र.

"देव पवित्र हाय, एलिया," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "पापी माणसाचा विटाळ त्याला कसा चालंल?"

"मग तो माणसाच्या पोटी जन्मला कसा?"

"पाटातून पाणी येतं तसा आला. मरियेचं कायबी न घेता."

"तसं असलं तर तो आपल्यातला कसा? विहिरीतला गाळ काढायचा तर आत उतरावंच लागतं, सामुएल."

"उतरणाऱ्याचे पाय माखतात. देवाचे माखले म्हणतोस?"

त्याचंच बरोबर असेल, आपल्यालाच नीट कळलं नसेल, असं गुरुजींना वाटलं.

"च्या पी. तू लई वाचतोस, म्हणून गोंधळतोस," मास्तर मायेनं म्हणाले.

तरीही नाताळला गुरुजी सुनेला म्हणाले, "चल. आत न्यायचं मी बघतो." कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. वर्षाराणी बाळाला पदराखाली घेऊन दाराबाहेर लिंबाखाली उभी राहिली.

आत मास्तर ख्रिस्तजन्माचा पाठ वाचत होते. मरियेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळलं, इथपर्यंत आले आणि गुरुजी उठले. हातातली पानं उघडली. एक अक्षर दिसेना.

"सामुएल, एक विचारू?"

"आत्ता?"

"ती बाळंती... धुतली कुणी?"

बायकांच्या बाजूला मथुराबाईंना हसू फुटलं. "दिवसाला दहा-बारा निघत असतील की, गुरुजी!"

गुरुजींचा आवाज इतका बारीक होता, की ऐकायला सगळे गप्प झाले. "त्यानं पाप केलं न्हाय, हे मीबी मानतो. पण त्यानं बाळंती भिजवली. रडला, आईचं दूध प्याला. तिच्याच रक्तामांसाचा झाला. पाप माणूस करतो, सामुएल. बाळंतपण म्हणजे पाप न्हाय. आपण दोन्हीची गाठ मारून ठेवली."

"पण मरियेनं सुद्धा चाळीस दिवस पाळले होते," मास्तर म्हणाले. "ती देवळात गेली नव्हती."

हे गुरुजींच्या चार पानांत कुठंच नव्हतं. क्षणभर त्यांनी दाराकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "ती देवळापासून लांब होती. पण ते चाळीस दिवस देव तिच्या मांडीवरच होता."

एवढं बोलून ते मटकन खाली बसले. काहीतरी भलतंच बोललो, असं वाटून त्यांनी मान वर केली नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "एलिया, हे त्या दिवशी का न्हाय बोललास?"

"तवा सुचलं न्हाय."

मास्तर मंचावरून उतरले, स्वतः दारापर्यंत गेले. "वर्षाराणी, आत ये, पोरी. बाहेर गार हाय. पुढंच बस."

"ह्यो मधेच रडला तर, काका?"

"रडू दे की," मास्तर म्हणाले. "मी मोठ्यानं वाचतो."