भिंतीत ठेवलेली खुर्ची

माणूस कोण आहे हे त्याच्या हुद्द्यावरून कळत नाही. घरी आलेल्याला तो कुठे बसवतो, त्यावरून कळतं. हे वाक्य मी फर्निचरच्या शोरूममध्ये भिंतीवर वाचलं. त्याखाली तितक्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आठ महिन्यांपूर्वी बायको घर सोडून गेली, तिच्याबरोबर सोफाही गेला. सोफा तिच्या यादीत होता. मी कुणाच्याच यादीत नव्हतो. बाहेरच्या खोलीत उरला कपडे वाळत घालायचा स्टँड आणि ऑफिसच्या लिलावात घेतलेली, डावीकडे कललेली फिरती खुर्ची. मुलगी दुसऱ्या गावी शिकते. मागच्या खेपेला ती त्या खुर्चीवर बसली, मी स्टँडला टेकून उभा राहिलो, आणि अकरा मिनिटांनी ती आईकडे गेली. या आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी येते. पण या वेळी बसायला काहीतरी आणा हं. मी बसलेली आणि तुम्ही उभे, दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखं वाटतं. फक्त पेशंट कोण ते कळत नाही."

फोन ठेवल्यावर मी स्टँडला लाथ मारली. स्टँड पडला, अंगठा सुजला. सुजल्या अंगठ्यानिशी मी शोरूमला गेलो, बरोबर दादाला घेऊन. दादा माझा थोरला भाऊ. बस डेपोत सीट दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली, त्यामुळे बसण्याच्या विषयावर तो कुणाचं ऐकून घेत नाही.

तिथल्या सल्लागार बाईंनी एक फॉर्म काढला.

"घरात कोण कोण असतं, सर?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

"म्हणजे मर्दानी शैली," असं म्हणून त्यांनी एका चौकटीत खूण केली. बायको निघून गेल्यावर जे उरतं त्याला शैली म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी विचारलं, मर्दानी म्हणजे नेमकं काय? त्या म्हणाल्या, गडद तपकिरी लेदर, काळे लोखंडी पाय, फुलं नकोत, उशा नकोत.

"एकदा याच्याकडे बघा बाई," दादा म्हणाला. "मर्दानी खोलीत हा शोभेल का?"

"सर, लहान खोलीला सोफा नकोच. दोन ॲक्सेंट चेअर. म्हणजे खोलीत उठून दिसतील अशा खुर्च्या."

"त्या उठून दिसू देत. बसलेल्याला उठता आलं पाहिजे," असं म्हणत दादानं समोरची खुर्ची उचलून उताणी केली. खालचं कापड चाचपलं, पट्ट्यांवर अंगठा दाबला, मग ती सुलटी करून सीटवर गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला. शोरूममधली दोन गिऱ्हाइकं थबकून बघू लागली. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून बाई निघून गेल्या.

"दादा, माणसं बघतायत."

"बघू देत. माझ्या सीटवर रोज हजारो लोक बसायचे. एकाची तक्रार नाही."

"त्यांना उतरायची घाई असायची."

दादा रागावला. मी आधीपासूनच रागावलेला होतो, त्यामुळे बरोबरी झाली.

मग मी माझं हत्यार बाहेर काढलं. मी नगररचना खात्यात आरेखक आहे. खोलीचा नकाशा मी रात्री जागून प्रमाणात काढला होता : दहा फूट बाय अकरा फूट, दाराच्या उघडझापीचा कंस तुटक रेषेत, दोन खुर्च्या, मध्ये लहान टेबल, दार आणि खुर्ची यांच्यामध्ये सहा इंच मोकळे. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "सर, असं कुणीच करून आणत नाही हो." आठ महिन्यांत माझं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. मी तिथल्या तिथे दोन खुर्च्या आणि मधलं लहान टेबल पक्कं केलं.

"टेप लावलीस ना खोलीला?" दादानं विचारलं.

"दादा, मी सत्तावीस वर्षं हेच काम करतोय."

"म्हणून तर विचारतोय."

"इमारतीच्या मंजूर नकाशावरून मापं घेतलीयत. सही-शिक्क्याचा नकाशा आहे. तुझ्या टेपवर शिक्का असतो का?"

दादानं नुसती मान डोलावली. हा त्याचा सगळ्यात चीड आणणारा गुण.

शुक्रवारी मी ती कललेली फिरती खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली, तीही जरा तोऱ्यात. शनिवारी सकाळी दोन हमाल तीन जिने चढून खुर्च्या आणि टेबल घेऊन आले, पाठोपाठ दादा आला. खुर्च्या नकाशाबरहुकूम मांडल्या. मग हमाल बाहेर जायला निघाले आणि दार अर्धं उघडून खुर्चीच्या हाताला ठक्कन अडलं. टेबल काढलं, खुर्ची सरकवली, दुसरी भिंतीला चिकटवली, तिरपी केली. दार काही उघडेना. आम्ही चौघे पुरुष त्या मर्दानी खोलीत कोंडले गेलो.

"साहेब, एक तर दार ठेवा, नाहीतर खुर्ची," थोरला हमाल म्हणाला.

शेवटी एक खुर्ची उचलून आतल्या पलंगावर ठेवली, तेव्हा हमालांची सुटका झाली. दादानं खिशातून पोलादी टेप काढली. ती त्याच्या खिशात कायम असते, जशी इतरांच्या खिशात किल्ली.

"नऊ फूट तीन इंच," तो म्हणाला.

"शक्य नाही. दहा आहे."

"मग बाकीचे नऊ इंच दाखव."

आणि मला ते दिसले. आमच्या खात्यात खोलीचं माप भिंतीच्या मध्यापासून समोरच्या भिंतीच्या मध्यापर्यंत धरतात. सत्तावीस वर्षं मी तसंच धरत आलोय. नऊ इंची भिंत. या बाजूची अर्धी, त्या बाजूची अर्धी. मी दादाला हे समजावून सांगितलं, आणि सांगता सांगताच माझा आवाज चढत गेला.

दादानं शांतपणे टेप गुंडाळली. "म्हणजे तू खुर्ची भिंतीत ठेवलीस."

मग मी जे बोललो ते आठवून आताही लाज वाटत नाही, ही खरी शरमेची गोष्ट. खात्याला शिव्या घातल्या, त्या बाईंना घातल्या, इमारत बांधणाऱ्याला आणि त्याच्या बापाला घातल्या. शेवटी म्हणालो, "तिनं सोफा नेला नसता तर ही वेळच आली नसती!"

"सोफा बरोबर बसला होता," दादा म्हणाला. "घेण्याआधी तिनं खोलीला टेप लावली होती. दुसरं टोक मी धरलं होतं. तू तेव्हा ऑफिसात होतास."

"मग जा ना! तिच्याकडेच जाऊन बस त्या सोफ्यावर!"

"बसतो कधीमधी. चहा चांगला करते."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"तू कधी विचारलंस?"

मी दाराकडे बोट दाखवलं. ते आता व्यवस्थित उघडत होतं. दादानं आतली खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली. माल परत घेत नाहीत हे त्यानंही वाचलं होतं. म्हणाला, माझ्या घरी राहील. साठी उलटलेला माणूस, पण मी हात लावला नाही आणि त्यानं मागितला नाही. एक जिना उतरल्यावर पावलं थांबली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तो वळणावर खुर्ची मांडून तिच्यात बसला होता, घाम पुसत.

"शिलाई चांगली आहे!" तो खालून ओरडला.

मी दार आपटलं. एवढ्यासाठी तरी ते पूर्ण बंद होत होतं.

रविवारी सकाळपासून मी त्या एकुलत्या एक खुर्चीभोवती फिरत होतो. मुलगी बसणार, मी उभा राहणार, अकरा मिनिटं. पलंग बाहेर ओढायला गेलो, तो दारातच अडला. मोजायला माझ्याकडे टेप नव्हती. शेजाऱ्याकडे खुर्ची मागायला दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा स्वतःवर चरफडत परत आलो.

बाराच्या सुमारास ती आली. दारातच थांबून तिनं खोली पाहिली.

"एकच?"

"दुसरी दादाकडे आहे. मोठी भानगड आहे, सांगतो. तू बस."

"बाबा, सहा तास बसूनच आलेय. कंबरेचा पार भुगा झालाय. आता कुणी बस म्हणालं ना, तर मारीन."

पाठीवरची बॅग तिनं खुर्चीवर टाकली आणि दुसऱ्या खुर्चीच्या रिकाम्या जागेत, उघड्या फरशीवर उताणी पडली. मीही भिंतीला टेकून खाली बसलो आणि भिंतीच्या मध्यापासूनची सगळी भानगड सांगू लागलो. गोष्ट हमालांपर्यंत येईपर्यंत ती ऐकत होती.

ती पावणेदोन तास झोपली. खुर्चीवर बॅग होती.