रुखवताची कॅटेगरी

रुखवत ही विकायची वस्तू नाही, त्यामुळे लिलावाच्या वेबसाइटवर तिच्यासाठी कॅटेगरीही नाही. मोबाइल आहेत, सोफे आहेत, जुनी नाणी आहेत, पोपटांचे पिंजरेसुद्धा आहेत. लग्न मोडलेल्या मुलीने वर्षभर खपून केलेलं रुखवत कुठे टाकायचं, याचा विचार तिथल्या कोणाही शहाण्याने केलेला नव्हता.

लग्न मोडलं त्यात कोणाचाच दोष नव्हता, असं सगळे म्हणतात. बीटी कपाशीला अळी लागत नाही यावर आमच्या दुसरबीड गावाला जेवढा विश्वास होता, तेवढा देवावरही नसेल. त्या वर्षी पहिली वेचणी पांढरीशुभ्र निघाली आणि नंतर बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बाबांनी मुलाकडच्यांना हात जोडले, लग्न एक वर्ष पुढे ढकला म्हणाले. चिखलीची माणसं, बोलायला गोड. मुलगा हर्षल, तोही गोडच. बघू म्हणाले, आणि आखाजीच्या सणानंतर दुसरीकडे बघायला लागले. मी रडेन म्हणून आई कितीतरी दिवस माझ्या मागे मागे फिरत होती. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

रुखवत मात्र घरात राहिलं. आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, मण्यांचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, आणि पुठ्ठ्यावर केलेलं कपाशीचं वावर, त्यात पहिल्या वेचणीची खरी बोंडं. मोडल्या लग्नाचं रुखवत धाकट्या बहिणीला चालणार नाही, हे आईने एकदाच सांगितलं. पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि खाटेखालच्या खोक्यांकडे बघून उसासे टाकायचे. त्यांच्या उसाशांचा मला कंटाळा आला होता.

शेजारची रुबिना मोबाइलवरून ओढण्या विकते. विकण्याच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने फोटो काढले आणि सगळं हस्तकलेत टाकलं. पितळी हत्ती आणि कठपुतळ्यांच्या गर्दीत आमचं वावर कोण बघतो? कोणी फिरकलं नाही. मग मी म्हटलं, खेळण्यांत टाक. पोरं खेळतील, मोडतील, विषय संपेल. एकाने बोली लावली आणि बंगल्याला चाकं आहेत का म्हणून विचारलं. त्याला उत्तर द्यायच्या आधी वेबसाइटनेच कळवलं की ही वस्तू खेळणं नाही, कॅटेगरी बदला.

राहिलं लग्नसाहित्य. तिथे मी अडून बसले. रुखवत घरातून जायला हवं होतं, पण कोणाच्या मांडवात जायला नको होतं. मांडवात वरपक्षाच्या बायका रुखवताभोवती जमतात, एकेक वस्तू उचलून बघतात आणि विचारतात, कोणी केलं? मग मुलीची एखादी मावशी ठसक्यात सांगते, आमच्या पोरीनं. हे वाक्य आता दुसऱ्याच कोणासाठी बोललं जाणार, याचा मला राग आला. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं आणि तेही हे.

"कांद्याच्या लाइनीत बसून बांगड्या विकशील तर कोण घेईन?" रुबिना म्हणाली. "ज्याले पाहिजे तो बांगड्याच्या लाइनीतच येते."

तिचं खरं होतं. राग फार वेळ टिकला नाही. मी हो म्हटलं.

लग्नसाहित्यात टाकल्याबरोबर बोली चढायला लागली. शेवटी देऊळघाटच्या एका बाईंनी सगळं घेतलं. त्यांचा मेसेज आला. तुमच्या हाताला कला आहे, असं म्हणून त्यांनी एकच काम सांगितलं होतं. फोटोत भरतकामाची एक कोरी फ्रेम दिसते, तिच्यात आमच्या मुलीचं आणि जावयाचं नाव भरून द्या. फ्रेम कोरी नव्हती. तिच्यातली दोन नावं मीच उसवली होती. मेसेजच्या खाली त्यांनी नावं दिली होती. मुलीचं वाचलं, मग जावयाचं वाचलं. हर्षल, वडिलांचं नाव, आडनाव, चिखली. सगळं बरोबर होतं.

रुबिनाने मोबाइल उलटा ठेवला. हा सौदा रद्द करू म्हणाली, पुन्हा हस्तकलेत टाकू, पडलं तर पडू दे वर्षभर. मी नको म्हटलं. रद्द केलं असतं तर खोकी पुन्हा खाटेखाली आली असती, आणि त्यांचं लग्न तर होणारच होतं.

दुपारी दारात उजेडाला बसून मी फ्रेम मांडीवर घेतली. जुन्या टाक्यांची भोकं कापडात तशीच होती, सुई आपोआप त्यांतून जात राहिली. वाईट वाटेल म्हणून मी मधूनमधून थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. हर्षलचं नाव भरून झालं आणि दुसऱ्या नावासाठी मी दोरा ओवत होते, तेवढ्यात आई वावरातून आली.

डोक्यावरचा गवताचा भारा तिने खाली टाकला नाही. तशीच उभी राहून तिने ते एक नाव वाचलं. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण तिचा चेहरा दिसला. इतका उजळलेला मी तो बाबांनी हात जोडल्यापासून पाहिला नव्हता.

"त्याहीचा निरोप आला काय वं?" तिने हळूच विचारलं.

"हाव, आला," मी म्हणाले. "नवरीचं नाव पल्लवी हाय."