चिटाच्या बाई

मुखेडच्या घराच्या मागल्या अंगणात, शहाबादी फरशीवर, उन्हाळ्यातल्या कोवळ्या सकाळी फुलं पडत असत. झाड तिथं एकही नव्हतं. तारेवर रतनआत्याची ओली साडी असे, विरविरीत सुती, छापील; आणि तिच्यातून गाळून आलेलं ऊन खाली फिकट लालनिळी वेलबुट्टी अंथरत जाई. वारा आला की फुलं सरकत, वारा पडला की जागच्या जागी थरथरत राहत. आत्या सूप घेऊन त्या तारेखालून जाई तेव्हा ती तिच्या कपाळावरून, दंडांवरून चालत जात आणि तिला त्याचा पत्ताही नसे.

रतनआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, पाठची बहीण. माहेर आमचं, नांदेडचं, सासर मुखेडचं, तिथल्याच शाळेत तिनं उभी हयात इंग्रजी शिकवलं. अंगानं शिडशिडीत, आवाजानं खणखणीत, आणि रागानं कापरासारखी, म्हणजे आधी धूर वगैरे काही नाही, एकदम ज्योत. जरीचा ती राग राग करी, रेशीम तिला सोसत नसे. तिच्या कपाटात फक्त छापील सुती साड्या होत्या; जुनी माणसं अशा कापडाला चीट म्हणत. शाळेतली पोरं तिला पाठीमागं 'चिटाच्या बाई' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

इंग्रजीला भिणाऱ्या पोरांना ती आधी आठवडी बाजारात नेई. जमिनीवर पसरलेल्या कापडांच्या ढिगाऱ्यांसमोर उभी राहून ती दोन बोटांच्या चिमटीत कापड धरी, उन्हाकडे उचली, आणि त्याचा सातासमुद्रापलीकडचा संसार सांगू लागे. डोक्याला बांधायचा ठिपक्यांचा रुमाल इथून बांधणी म्हणून गेला आणि तिकडं बंडाना झाला. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड गोऱ्या कामगारांच्या अंगावर डंगरी होऊन बसलं. पोलिसाची खाकी म्हणजे खाक, आपल्याच रस्त्यावरची धूळ. चुणीदार पट्ट्यांच्या एका कापडाचं इंग्रजी नाव 'सीअरसकर' मुळात फारसी 'शीर-शक्कर', दूध आणि साखर, हे सांगितलं की पोरं हसून लोळत, आणि हसता हसता त्यांची त्या भाषेची भीती त्या धुळीतच सांडून जाई.

चिटापाशी आली की मात्र तिचं हसू मावळे. पदराची बुट्टी अंगठ्याखाली घट्ट दाबून ती म्हणे, "रंगाचा शिंतोडा उडालेलं कापड ते चीट. तिकडं गेली अन् चिंट्स झाली. लई मिरवली त्यांनी. गाद्यांवर घातली, पडदे केले, बायका वेड्या झाल्या. मग यंत्रावर तिची नक्कल काढली, ती नक्कल आपल्यालाच इकली. अन् गोरगरिबांच्या अंगावर चीट दिसाया लागली, तवा त्याच शब्दाला शेपूट लावून 'चिंट्झी' केला. म्हणजे काय? भडक, हलकं, टाकाऊ! वापरायचं, मिरवायचं, अन् मन भरलं की नाव ठेवायचं." तिच्या मानेवरची शीर त्या वेळी स्पष्ट दिसे. मला ती चीड तेव्हा जराशी अतिरेकी वाटे, कारण एका शब्दाच्या अपमानानं माणसाचं रक्त कशाला उकळावं, हे कळण्याइतकं माझं अजून काही हिरावलं गेलं नव्हतं.

ते कळलं तात्या, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा.

आमच्याकडं तेराव्याला माहेरानं विधवेला साडी नेसवायची असते. त्या साडीला दुखवटा म्हणतात. अण्णांसोबत मी नांदेडच्या कापडबाजारात गेले. दुकानदारानं हसून विचारलं, "कुणासाठी?" अण्णांनी सांगितलं, आणि त्याचा हात समोरच्या रंगीत थप्प्यांवरून उठून, एक शब्द न विचारता, कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेला. "सोबर दाखवतो." राखी, बदामी, मातकट, सगळ्या साध्या, सगळ्या कोऱ्या चेहऱ्याच्या. तेवढ्यासाठी वेगळं कपाट! मला तिथंच संताप आला. पांढरं म्हणायची आता सगळ्यांना लाज वाटते, आपण शिकलेले आहोत ना. म्हणून इंग्रजीतला एक सभ्य शब्द आणायचा आणि जुनंच काम त्याच्या हातून करून घ्यायचं. मी म्हटलं, आत्याला फुलांचीच घ्या. अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "आपण माहेरचेच फुलांची घेऊन गेलो तर तिच्या सासरचे तिलाच टोचून खातील. तुला काय कळतंय?" त्यांचं भय खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. त्यांनी बदामी घेतली.

तेराव्याला आत्याच्या पुढ्यात साड्यांची चळत वाढत गेली, भावाची, चुलतभावांची, मावसभावांची. आणि तिच्यात एक बुट्टी म्हणून नव्हती. तिनं बदामी साडीवरून तळहात फिरवला, जणू छापलेलं काही बोटांना लागेल, डोळ्यांना दिसलं नाही तरी. "सोबर हाय," तिच्या थोरल्या जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या. आत्यानं मान वर केली. "दारू उतरलेल्याला सोबर म्हणतात, बाई. ही कधी पिऊन आलती?" भावाचा मान राखायला तिनं ती साडी नेसली, आणि सगळं आवरल्यावर जाऊबाई तिच्या कपाटाशी जाऊन उभ्या राहिल्या. "रतन, ही चिटं आता तुझ्या कामाची न्हाईत. पोरीबाळींत वाटून टाकू." घरातल्या घरात, भरल्या पोटी, इतक्या सहज एखाद्या बाईची चाळीस-पन्नास वर्षं वाटून टाकता येतात!

"हात लावू नका," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण भांडी घासणाऱ्या बायकांनी नळ बंद केला.

पुढच्या महिन्यात तिनं वाकळ शिवायला घेतली. आमच्याकडं वाकळ जुन्या, विरलेल्या लुगड्यांची शिवतात. तिनं दुखवट्याच्या कोऱ्या करकरीत साड्यांची शिवली. राखीला बदामी, बदामीला मातकट जोडत, लांबलचक धावदोऱ्याचे टाके घालत ती ओट्यावर दिवसाढवळ्या बसे, गल्लीला दिसेल अशी, आणि अंगावर कैऱ्यांची नाहीतर वेलबुट्टीची चीट असे. तारेवर पुन्हा फुलं आली. गल्लीनं तोंड वाकडं केलं, जाऊबाईंनी जाणंयेणं सोडलं, बारशा-डोहाळजेवणाची बोलावणी तिच्या दाराला वळसा घालून जाऊ लागली. ते तिनं सोसलं. पण शिवून झालेली वाकळ तिनं अण्णांना पाठवली, आणि ते मात्र अण्णांना सोसलं नाही. माहेरच्या साडीची चिंधी केली, माझ्या मानाला पायपुसणं केलं, असं म्हणून त्यांनी ती माळ्यावर टाकली आणि बहिणीशी बोलणं बंद केलं.

राखीपौर्णिमा आली, भाऊबीज आली. आत्या फोनवर मला विचारी, "अण्णा काय करून राहिला?" आणि उत्तर ऐकून घेऊन गप्प बसे. त्या गप्प बसण्याला एक हलका आवाज होता, पदर चोळल्यासारखा. मी अण्णांशी भांडले. तुमच्या मानाला तिच्या अंगावरची चार फुलं जड झाली का, असंही बोलून गेले. वर्ष सरलं, आणखी एक सरत आलं, आणि बहीण-भावाच्या मध्ये एक बदामी साडी, शिवलेली, माळ्यावर पडून राहिली.

पौषातल्या एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता रतनआत्या गेली.

बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, ती आल्याशिवाय उचलत नाहीत. आम्ही बाजारात पोचलो तेव्हा दुकान नुकतंच उघडत होतं. तोच दुकानदार. "कुणासाठी?" अण्णांनी सांगितलं, विधवा बहीण, शेवटची. त्याचा हात उठला आणि त्याच कोपऱ्याकडे निघाला.

"तिकडं न्हाई," अण्णा म्हणाले. "चीट दाखवा."

तो गोंधळला. आयुष्य कापडात गेलेला माणूस तो, पण तो शब्द त्याच्या कानावरून कधी गेलाच नव्हता. "चीट म्हणजे? प्रिंटेड म्हणायचंय का, काका?"

अण्णा काउंटरला धरून उभे होते. दोन बोटांची चिमूट करून त्यांनी हवेतच कापड उचलल्यासारखं केलं, अगदी तिच्यासारखं, आणि मग त्यांचा चेहरा मोडला. लाल-निळ्या वेलीची साडी मीच निवडली.

मुखेडला जाऊबाई पांढरं घेऊन तयार होत्या. "अण्णा, विधवेला असली?" "माझी बहीण हाय ती," अण्णा म्हणाले, "अन् शेवटची साडी माझी असती." स्वतःच्या हातानं त्यांनी ती तिच्यावर पांघरली, घड्या पायांपर्यंत नीट केल्या.

त्या थंडीत माळ्यावरची वाकळ खाली आली. अण्णा आता रोज तीच पांघरतात. मला त्यांची दया येते, पण माझा राग गेलेला नाही. तिच्या डोळ्यांना दिसत होतं तोवर आम्ही तिच्यासाठी कोपऱ्यातलं कपाट उघडलं, आणि डोळे मिटल्यावर फुलं नेली. जाळाला छापील काय आणि साधं काय, सारखंच. फरक फक्त तिला पडत होता. तिचा शब्द परमुलखात ठणठणीत जगतो आहे आणि इथं तो मागायला गेलं तर कुणाला कळत नाही. मुखेडच्या त्या अंगणात तार तशीच ताणलेली आहे, फरशीवर सकाळचं ऊनही वेळेवर येतं, पण आता ते नुसतंच ऊन असतं.