पोत्यावरची शाई

मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझ्या पोटात शाई कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझ्यात जांभळे औषध होते, लेकरांच्या तोंडात फोड आले की लावतात ते. त्या कामाच्या हौसेने मी अकोल्याच्या दुकानात फळीवर बसले होते. पण मित्रांनो, नशिबी भलतेच आले.

रिसोडच्या बाजारात भिवाजी धान्याच्या पोत्यांवर शाईने खुणा करायचा. अंगाच्या झाकल्या जागी त्याला फोड उठले, तेव्हा त्याने मला गुपचूप विकत आणले. मी फोड सुकवले आणि त्याने मला गोदामात शाईच्या डब्यांमागे लपवले! फोड पुन्हापुन्हा येत, धोतरावर माझे डाग पडत. त्याची नवी नवरी भागिरथा ते घासघासून धुवायची.

"हे काय जी?" तिने विचारले.

"पोत्याची शाई हाये."

तिने विश्वास ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

१९७२ साली तिला नववा महिना लागला आणि तसेच फोड तिलाही आले. "माहेराहून आनलं हे!" सासू चंपाबाई कडाडल्या. सगळे ठाऊक असूनही भिवाजी जेवत राहिला. गोमतीबाई नर्सने येऊन फोडांवर औषध लावले. धोतरावरच्या डागांचाच तो रंग पाहताच भागिरथा दचकली.

"बाई, हे शाई हाये?"

"शाई कायची? औषध हाये. यानं नुसती खपली धरते. रोग दाबनारं औषध अजून नाई. कळा येतील तवा फोड असले तं लेकराच्या जिवाले धोका. अकोल्याले आपरेशनच करा लागन."

"अकोल्याले नाई," भिवाजी म्हणाला. "घरीच होईन बाळंतपन."

लेकरापेक्षा त्याला अब्रू मोठी वाटली. भागिरथा जड पावलांनी गोदामात गेली, डबे सारले आणि मला आणून सासूपुढे ठेवले.

"आत्याबाई, तुमच्या लेकाची शाई."

चंपाबाईंनी लेकाकडे पाहिले. तो घाईने मला उपरण्याखाली झाकू लागला. "जीप आन," एवढेच त्या म्हणाल्या. अकोल्याला ऑपरेशन झाले, मुलगी धडधाकट निघाली.

आता म्हणे त्या रोगाला दाबणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर गरोदर बाईला शेवटच्या महिन्यात देतात. पण मित्रांनो, लपवलेल्या दुखण्यापर्यंत कोणती गोळी पोचणार? आपल्या माणसाला दुखणे खरे सांगा, आणि औषधाला खोटे नाव देऊ नका.

त्या काळचे शेवटचे एक सांगते. ती मुलगी शाळेत जाऊ लागली. एके दिवशी तिने शाई मागितली. भिवाजी हौसेने उठला, "गोदामातून आनतो, तिथं लय हाये."

भागिरथेने वर न पाहता सांगितले, "दुकानातून इकत आना. तुमच्या शाईचा मले भरोसा नाई."