पाय स्वच्छ धुऊन यावे

‘पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बसणाऱ्यांनी पाय स्वच्छ धुऊन यावे,’ ही सूचना चर्चच्या फलकावर लागली तेव्हा मंडळीतल्या एकालाही हसू आलं नाही. उलट, बरं झालं, वेळेवर सांगितलंत, असंच सगळे म्हणाले. मेट्रनबाईंना तर ती पटायलाच हवी होती. अक्षर त्यांचंच होतं.

मेट्रनबाईंनी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली होती. त्यांच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला आला की वॉर्डातला रोगी आपणहून औषध पीत असे. निवृत्त झाल्यावर चर्चच्या समितीनं त्यांना सन्मानानं बोलावून घेतलं आणि तितक्याच सन्मानानं त्यांच्याकडे टॉवेल सोपवले. बारा टॉवेल, पांढरे, इस्त्रीचे. कारण प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून पाळकसाहेब दरवर्षी मंडळीतल्या बाराजणांचे धूत.

ते बारा कोण, हे ठरवायला मात्र तीन बैठका लागत.

“पहिली खुर्ची माझीच राहू दे,” निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. “मान म्हणून नाही हं. कोपऱ्यात वारा लागतो. आणि पाणी कोमट हवं. गेल्या वर्षी मला शिंका आल्या.”

“मी एकच पाय देणार,” वकील म्हणाले. “उजवा. डावा त्यात गृहीत धरावा. मोजा काढायला, घालायला वेळ जातो आणि मला पुढं एक भेट आहे.”

ठेकेदाराची अट फोटोची होती. पाळकसाहेब वाकलेले असावेत, पण चेहरा ठेकेदाराचा दिसावा. पाळकसाहेबांनी मान डोलावली. त्यांच्या वाकण्याला कोणाचीच हरकत नव्हती.

शेवटी चिटणीसानं एक चिठ्ठी उलगडली. “याचा पुन्हा अर्ज आलाय. बाराजणांत बसायचं म्हणतो. तिसरं वर्ष.”

नाव वाचायची गरज नव्हती. सगळ्यांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं आणि लगेच छताकडे पाहिलं. अर्ज त्यांच्या दिराचा होता. दीर नगरपालिकेच्या गटारखात्यात होता. गटारात उतरायचं, तुंबलेलं काढायचं, वर यायचं, पुढच्या झाकणाशी जायचं. आधी प्यायचा. प्यायचा म्हणजे गटारात कामासाठी कधी उतरला आणि पडला कधी, हे खात्यालाही सांगता येत नसे. तीन वर्षांपूर्वी त्यानं सोडली. दर रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी बसायचा. वर्षातून एकदा एकच गोष्ट मागायचा.

“यादी भरली आहे,” पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू, प्रभूची इच्छा असेल तर.”

प्रभूची इच्छा काय आहे हे कोणी विचारायला गेलं नाही. मेट्रनबाईही गप्प राहिल्या. त्यांना मनातून सुटल्यासारखंच वाटलं. या दिराशी त्या सहा वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या.

गुरुवारी दुपारी चार वाजता चर्च भरलं. वेदीसमोर बारा खुर्च्या, शेजारी घंगाळ, तांब्या, गुलाबपाण्याची बाटली. अकराजण आले. अकराच्या अकराजणांचे पाय असे लखलखत होते की मेट्रनबाईंनी ऑपरेशनच्या टेबलावरही इतके स्वच्छ पाय पाहिले नव्हते. मुख्याध्यापकांनी तर नखं कापून वर पावडर लावली होती. बारावी खुर्ची ठेकेदाराची, ती रिकामी. आज स्लॅब टाकायचा आहे, सिमेंट थांबत नाही, असा त्याचा निरोप आला. प्रभू थांबतो, हा अनुभव त्याला होताच.

पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी फार रंगलं. नम्रतेवर बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला, आणि गळा दाटला की माणूस बोलू नये ते बोलतो. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. “ही खुर्ची कोणा मोठ्याची नाही! या, कोणीही या!”

कोणीही म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख, हे सगळ्यांना कळलं होतं. तो पहिल्या बाकावर मोजे काढूनच बसला होता. तो उठायच्या आत मागं दाराशी बाक करकरला.

दीर कामावरून थेट आला होता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट त्यानं बाहेर पायरीवरच काढून ठेवले होते, त्यामुळे तो अनवाणीच मधल्या वाटेनं चालत आला. पाय काळे, बोटांच्या बेचक्यांत चिखल वाळलेला, डाव्या पायाला मळकी चिंधी गुंडाळलेली. तो बाराव्या खुर्चीत बसला, हात मांडीवर ठेवले आणि वर्गात पहिल्यांदा नाव पुकारल्यासारखा ताठ झाला. तो येण्याआधी त्याचा वास आला होता. आता तो वास समितीत फिरू लागला. वकिलांनी आपली खुर्ची वीतभर सरकवली.

धुणं सुरू झालं. पाळकसाहेब गुडघे टेकत, उजव्या पायावर तांब्यातली धार धरत, मेट्रनबाई टॉवेल देत. स्वच्छ पाय धुणं सोपं असतं. अकरा माणसं सात मिनिटांत झाली आणि घंगाळातलं पाणी पिण्याजोगं राहिलं.

मग पाळकसाहेब बाराव्या खुर्चीसमोर आले. त्यांनी चिंधीकडे पाहिलं. चिंधीतून पिवळं ओलं दिसत होतं. त्यांचे गुडघे अर्धे वाकले आणि तिथंच थबकले. मुख्याध्यापक खोकले. तो खोकला साधा नव्हता. त्या खोकल्यासरशी पूर्वी अनेक पोरं वर्गाबाहेर गेली होती.

पाळकसाहेब सरळ झाले. मंडळीकडे वळून मधाळ आवाजात म्हणाले, “प्रियजनहो, पाणी हे केवळ चिन्ह आहे. आपल्या या बंधूचे पाय आपण सगळे मिळून अंतःकरणात धुऊ या. डोळे मिटा.”

सगळ्यांनी मिटले. काय तो सुटकेचा निःश्वास! शेदीडशे माणसं डोळे मिटून एका माणसाचे पाय धूत होती आणि पाय होते तसेच होते. दिरानंही डोळे मिटले. आज्ञाधारकपणे. हीच पद्धत असेल, असं त्याला वाटलं असावं.

मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात शेवटचा टॉवेल कोरा, घडी न मोडलेला. एकतीस वर्षांत त्यांनी पू पाहिला होता, किडे पडलेली जखम पाहिली होती. ती अंतःकरणात धुणारा डॉक्टर पाहिला नव्हता.

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले.

“कसलं आमेन?” मेट्रनबाईंचा तो वॉर्डातला आवाज निघाला. मिटलेले डोळे टकाटका उघडले. “एक राहिलाय.”

“मेट्रनबाई, विधी झाला,” पाळकसाहेब कुजबुजले.

“अकरा झाले. मला मोजता येतं. माझ्याकडे टॉवेल शिल्लक आहे.”

“अहो, जखम आहे त्याला. संसर्गाचा प्रश्न आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “आणि सूचना स्पष्ट होती. पाय स्वच्छ धुऊन यावे. तुमच्याच अक्षरात आहे.”

“हो, माझ्याच,” त्या म्हणाल्या. “आणि ती लिहिताना माझी अक्कल चरायला गेली होती, तेही तिथंच लिहा. धुतलेले पाय धुवायला प्रभूला कोणी सांगितलं होतं? तुमच्या पायांची पावडर माझ्या टॉवेलाला लागलीय, मुख्याध्यापक. हे काय चाललंय? नाटकाची तालीम? सेवा करायची, पण हात न लावता. वाकायचं, पण फोटोपुरतं. एकजण एकच पाय आणतो, एकजण येतच नाही, आणि जो सगळा आलाय, घामासकट, घाणीसकट, त्याला म्हणे डोळे मिटून धुऊ!”

“वहिनी,” दीर हळूच म्हणाला, “असू द्या. माझ्यामुळे भांडण नको. मी निघतो.” त्यानं खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले.

“बस तिथं!” त्या ओरडल्या. सहा वर्षांतला तो पहिला शब्द.

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. अपमान झालेल्या माणसाला नम्रता जड जाते. त्यांनी तांब्या उचलला आणि मेट्रनबाईंपुढे धरला. “मग तुम्हीच धुवा ना. तुमचा हात बसलेला आहे. शिवाय घरचंच माणूस आहे.”



मेट्रनबाईंनी तांब्या घेतला आणि समोरच्या पायांकडे पाहिलं. हजारो पाय धुतले होते. खुन्याचे धुतले होते, दारात पोलीस उभा असताना. पण हे पाय! नवरा चार दिवस अंथरुणावर तडफडत होता आणि दर तासाला विचारत होता, धाकटा आला का? धाकटा गुत्त्यात पडला होता. मातीलाही आला नाही. कबर बुजल्यावर आठ दिवसांनी डोळे चोळत दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

एक मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं जायच्या सकाळी धाकट्यासाठी निरोप सांगून ठेवला होता. तो त्यांनी त्या दिवशी दाराआडच दाबून टाकला आणि दर रविवारी पुढच्या बाकावर बसून क्षमेची गाणी खणखणीत आवाजात म्हटली. त्या काय समितीवर उगाच होत्या?

त्यांनी गुडघे टेकले. प्रेमानं नव्हे. संतापानं टेकले, पाळकसाहेबांवर, मुख्याध्यापकांवर आणि समोरच्या या काळ्याठिक्कर पायांवर.

“धुतेय म्हणजे विसरले असं समजू नकोस,” त्या दात ओठ खात म्हणाल्या.

“नाही समजत, वहिनी.”

उजवा पाय झाला. घंगाळातलं पाणी काळं पडलं. “पाणी बदलून आणा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. कोणी हललं नाही. “पाळकसाहेब, तुम्हाला म्हणतेय. गरम आणा. गुलाबपाणी नको, मीठ आणा.” पाळकसाहेब घंगाळ उचलून मागच्या दारानं गेले. काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या झग्यावर सांडलं.

मेट्रनबाईंनी चिंधी सोडवली. “कशानं?”

“काच. गटारात होती.”

“किती दिवस?”

“नऊ-दहा.”

“दवाखान्यात का गेला नाहीस?”

“गेलो होतो. वास येतो म्हणून बाहेर बसवलं. मग ड्यूटीची वेळ झाली.”

जखमेच्या कडा त्यांनी टॉवेलाच्या टोकानं टिपल्या. दीर त्यांच्या हातांकडे बघत म्हणाला, “दादाचं पण असंच करायचात ना तुम्ही? शेवटी?”

यावर गप्प बसता आलं असतं. समितीत गप्प बसलेल्या माणसाला ते अवघड नसतं. पण हातात पाय होता, आणि पाय हातात धरून खोटं वागणं त्यांना जमेना.

“तो तुझ्यासाठी निरोप ठेवून गेला,” त्या म्हणाल्या. “म्हणाला, धाकट्याला सांग, मी रागावलेलो नाही. तो आला की त्याला जेवायला वाढ. मी तुला सांगितलं नाही.”

दिराला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं पाय झटक्यात ओढून घेतला.

“सहा वर्षं?” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “सहा वर्षं, वहिनी? मी रोज त्याच्या कबरेशी जाऊन नाक घासतोय. तो रागावून गेला म्हणून. मी त्यापायी आणखी प्यायलो, त्यापायीच सोडली. आणि तुम्ही पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणत होतात?”

“हो.”

“तुम्हाला काही वाटलं नाही?”

“वाटलं. तरी नाही सांगितलं.”

मघाशी समितीला धारेवर धरणाऱ्या मेट्रनबाईंकडे आता सगळी मंडळी बघत होती, आणि त्यात मुख्याध्यापकांचा चेहरा जरा जास्तच उजळला होता. दिराचे डोळे पेटले होते. तो उठणार असं वाटलं. उघड्या जखमेचा पाय फरशीवर टेकत होता.

“रागाव,” त्या म्हणाल्या. “हवं तितकं रागाव. तुझा हक्क आहे. पण पाय खाली टेकवू नकोस.”

तो तसाच बसून राहिला, पाय अधांतरी धरून, मांडी थरथरेपर्यंत. मग पाय त्यांच्या हातांत नव्हे, त्यांच्या गुडघ्यावर टेकवला. तोंड मात्र भिंतीकडे फिरवलं.

पाळकसाहेब परत आले होते. वाफाळतं घंगाळ दोन्ही हातांत, झग्यावर काळा डाग; कुठं ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

“इथं ठेवा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आणि बसा खाली. याची टाच धरून ठेवायला कोणीतरी लागेल.”