माशाच्या पोटातली छत्री

तळेगावच्या एका कॉलेजात नीरजा मॅडम एकतीस वर्षं मराठी शिकवत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि त्यांच्या गुडघ्यांना ती दोन वर्षंही जास्त वाटत होती. दुसऱ्या वर्षाला त्यांचा एक ठरलेला भाग असे: साहित्यातला शोध. पात्राला काहीतरी कळतं, आणि कळल्यावर ते पहिल्यासारखं राहत नाही. त्याला दिसणारं जगच बदलतं. हे त्या इतक्यांदा बोलल्या होत्या, की बोलता बोलता मनात संध्याकाळची भाजी ठरवता येई.

त्यावर मुलांनी एक निबंध लिहून द्यायचा, 'मला लागलेला शोध'. यंदा बासष्ट आले. बहुतेक एकाच साच्यातले, मोबाइलवरून उतरवलेले. कुणाला काही सापडलं नव्हतं, पण जीवनाचा खरा अर्थ मात्र सगळ्यांना उमगला होता. रविवारच्या दुपारी मॅडम नुसत्या सह्या करत सुटल्या होत्या. मग अपेक्षाचा निबंध हाती आला. अपेक्षा लोहगडवाडीची. तिचा आवाज त्यांनी वर्षभरात हजेरीपुरताच ऐकला होता.

तिने आजीबद्दल लिहिलं होतं. आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. महिन्याला त्यांचं पत्र यायचं. आधी पोस्टमन वाचून दाखवायचा, पण मग घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीभर व्हायची. म्हणून एक दिवस आजीने त्याला सांगून टाकलं, मला येतं वाचायला, द्या इकडं. तेव्हापासून ती पोरांना पुढे बसवून स्वतः पत्र वाचू लागली. तुमच्या आबांनी लिहिलंय, गोदीत एवढा मोठा मासा आला, की त्याच्या पोटातून छत्री निघाली. उघडून बघितली तर एक काडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मॅडमचा हात थांबला. ही छत्री त्यांनी आधी वाचली होती.

तेवीस वर्षांपूर्वी, याच विषयावर. तेव्हा वर्गात गेणू नावाचा एक मुलगा होता, तोही लोहगडवाडीचाच. त्याने लिहिलं होतं, की दहा वर्षांचा असताना त्याने एक पत्र गुपचूप उघडून स्वतः वाचलं. त्यात ना मासा होता, ना छत्री. आईला अक्षर येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि ते कळलंय हे आईला कळू नये म्हणून तो पुढच्या महिन्यात पुन्हा तिच्यासमोर जाऊन ऐकायला बसला.

निबंध इतका चांगला होता, की नीरजा मॅडमचा विश्वास बसला नाही. त्या पस्तिशीच्या होत्या, नोकरीत मुरल्या होत्या, आपल्याला कुणी फसवू शकत नाही असं त्यांना वाटायचं. भर वर्गात त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या दिवाळी अंकातून उचललंस? असलं तुझ्यासारख्याला सुचायचं नाही." वर्ग हसला. "माझंच हाय, मॅडम," एवढंच गेणू म्हणाला आणि खाली बसला. त्याला शून्य मिळालं. दिवाळीनंतर तो आला नाही. मॅडमनी त्याची चौकशीही केली नव्हती. उलट नकलेचा विषय निघाला की हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगायच्या.

सोमवारी तास संपल्यावर त्यांनी अपेक्षाला थांबवलं. ती घाबरली.

"मॅडम, मी कुठून कॉपी नाही केलं."

"माहितेय मला. वडलांचं नाव काय तुझ्या?"

"गेणू."

"त्यांनी सांगितलं तुला हे?"

"नाही, आजीनं. बाबा ह्यावर बोलत नाहीत."

पुढचे चार दिवस मॅडम तास घेत राहिल्या, पण शब्द तोंडातच जड होत. माणसाला काही कळलं की तो बदलतो, हे फळ्यावर लिहिणं सोपं होतं. इथे कळलं होतं, आणि त्या रोजच्याच फळ्यापुढे उभ्या होत्या. काही करायचं तर तेवीस वर्षांचा उशीर झालेला. जाऊ नये, असंही त्यांना खूपदा वाटलं. शेवटी रविवारी त्या मळवली स्टेशनला उतरल्या आणि जीपमधून वर लोहगडवाडीला गेल्या.

वाडीत गडावर जाणाऱ्या पोरापोरींची गर्दी होती. गेणूची टपरी पायऱ्यांच्या अलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली. पिठलं-भाकरी, ताक, कांदाभजी. केस पिकलेला, अंगाने भरलेला एक माणूस तव्यापाशी उभा होता. मागे चुलीजवळ एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. मॅडम बाकड्यावर टेकल्या. त्याने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"ओळखलंत का मला?" त्यांनी विचारलं.

"न वळखायला काय झालं?" गेणू म्हणाला. "पोरीनं काय केलं का?"

"तिनं काही नाही केलं. मीच केलं होतं. तो निबंध तुमचाच होता ना?"

गेणूने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाला, "व्हता. पर तुमी म्हनालात माझा न्हाई. मी घरी येऊन लय इचार केला. तुमी शिकलेल्या, तुमाला जास्त कळनार. कुटं तरी वाचलं आसंल आन् आपल्याला आठवत नसंल, आसं वाटाया लागलं. मग काय बी लिवाया बसलो की तेच. हे आपलं हाय का दुसऱ्याचं?"

"म्हणून कॉलेज सोडलंत?"

"छ्या! आबा आजारी पडून मुंबईवरनं आले, म्हनून सोडलं. तुमी मनाला लावून घिऊ नका."

"खोटं बोलतोय त्यो," मागून म्हातारी म्हणाली. ती कस्तुराबाई, गेणूची आई. "आबा आजारी पडलं ते दुसऱ्या साली. ह्यानं त्याच्या आधीच वह्या चुलीत घातल्या. म्या ह्या डोळ्यानं बघितलं."

"आये, गप बस."

"का गप बसू? एवढ्या लांबनं आल्यात त्या."

मॅडमनी हात जोडले. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं." ठरवून आणलेली बाकीची वाक्यं आठवेनात. गेणू अवघडला. गिऱ्हाइकं बघत होती. त्याने फडक्याला हात पुसले, ताटलीत भाकरी-पिठलं वाढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "जेवा. गरम हाय तवर."

त्या जेवल्या. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नाही.

कस्तुराबाई लसूण ठेवलेलं सूप घेऊन शेजारी येऊन बसली. गेल्या साली वाडीत म्हाताऱ्यांसाठी वाचायला शिकवायचा वर्ग निघाला, त्यात ती सहा महिने गेली होती. अपेक्षाने निबंधाच्या शेवटी ते लिहिलं होतं, पण आजीने पुढे काय वाचलं ते लिहिलं नव्हतं.

"पत्रं आहेत अजून?" मॅडमनी विचारलं.

"हायत की. समदी वाचली. एकेका पत्राला दोन दोन दिस लागलं."

"मग?"

"मग काय! म्या रचलेलं बरं व्हतं," कस्तुराबाई म्हणाली. "त्येच्यात नुसतं मी बरा हाय, तुमी बरी ऱ्हावा, पावसापान्याचं कळवा. दर खेपेला त्येच." मग लसणाची एक पाकळी बोटात तशीच धरून ती थांबली. "एका पत्रात तेवढं लिवलंय, तुजं उत्तर येत न्हाई, रागावली का. आता मला काय ठावं आसं लिवलंय ते? त्या दिशी मी पोरांना म्हनलं, आबांनी सर्कस बघितली."

तिने ती पाकळी सुपात टाकली आणि दुसरी उचलली.

गेणूने त्यांना मोटारसायकलवरून मळवलीपर्यंत सोडलं. उतारावर त्यांनी मागून विचारलं, पुन्हा लिहाल का. वाऱ्यामुळे त्याला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. स्टेशनात तो म्हणाला, "पोरीकडं लक्ष ठेवा, मॅडम." आणि गाडी वळवून गेला.

सोमवारी वर्गात मॅडमनी शोधावरचं टिपण बाजूला ठेवलं आणि तेवीस वर्षांपूर्वी आपण काय केलं ते सांगितलं. गेणूचं नाव तेवढं घेतलं नाही. अपेक्षा खाली मान घालून बसली होती. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एक सुरू केलं. निबंध आपल्या अंदाजापेक्षा चांगला वाटला, तर त्या मुलाला बोलवायचं, समोर बसवायचं आणि विचारायचं, मग पुढं काय झालं? निम्मी मुलं गडबडतात आणि मोबाइलवरून घेतल्याचं कबूल करतात. उरलेली सांगत बसतात. ऐकण्यात वेळ फार जातो, सहाची गाडी चुकते, घरी पोचेपर्यंत पाय सुजतात. पण शून्य द्यायच्या आधी त्या विचारतात.